ठळक अक्षरांतला चंद्र

आमच्या घरात पृथ्वी चपटी झाली ती भासऱ्यांच्या मोबाइलमुळे.

भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना राक्षस समजाल. संत्र्याच्या कलमाला त्यांचा हात लागला की ते कलम जगलंच म्हणून समजा. पांढुर्ण्याच्या मंडीत व्यापारी त्यांना बसायला खुर्ची देतात. आमचं गाव पांढुर्णा आणि सौंसरच्या मध्ये, लहानसं. तिथं कोणाच्या झाडाला डिंक सुटायचा रोग लागला तर झाडाचा मालक औषधाच्या दुकानात नंतर जातो, आधी भासऱ्यांकडे येतो. एवढ्या शहाण्या माणसाला कुठल्यातरी हिंदी व्हिडिओवाल्यानं दोन वर्षांत पटवून दिलं की पृथ्वी ताटासारखी सपाट आहे.

आणि मला त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. भांडण नव्हतं हो. आमच्या घरातली लहान सून भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घेते आणि थेट त्यांच्याशी बोलत नाही. आता हे कोणी पाळत नाही म्हणतात, आमच्याकडे पाळतात. जेवण तयार झालं की मी भिंतीकडे तोंड करून "ताट वाढलं म्हणावं" असं सांगायचे. ते "लहानीले सांगा, भाजीत तिखट जास्त झालं" असं खांबाला सांगायचे. चौदा वर्षं आम्ही भिंत आणि खांब यांच्यामार्फत संसार केला. मोठ्या जाऊबाई मुलांच्या शिक्षणासाठी छिंदवाड्याला खोली करून राहतात, म्हणून घरात आम्ही चौघंच: सासू, भासरे, माझा नवरा आणि मी.

संध्याकाळी ओट्यावर भासऱ्यांचा वर्ग भरायचा. शेजारचे दोघंतिघं यायचे. "सूर्य म्हणजे ताटावर गरगर फिरणारा दिवा. दूर गेला की आपल्याकडं रात. अन् चंद्राले सूर्याचा उजेड लागतच नाई. त्याचा आपला थंडा उजेड हाये, तो आपोआप कमी-जास्त होते." माना डोलायच्या. मी आत पोळ्या लाटत बसलेली, आणि लाटणं असं चालायचं की पोळीची पार फडकी व्हायची. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते मी पांढुर्ण्याला, तेव्हा लग्न झालं. शिक्षण अर्धवट राहिलं, पण डोळे तर अर्धवट राहिले नाहीत ना?

माझा राग नवऱ्यावर निघायचा, कारण तोच एक बोलायला होता. "सडकेवरून मोटरसायकल जाते ना पांढुर्ण्याकडं, तिचा मागचा लाल दिवा पाहा एकदा. बारीक बारीक होत जाते. कधी अर्धा कापून जाते काय? अन् सूर्य पाहा कपाशीमागं बुडताना. शेवटपर्यंत तेवढाच्या तेवढा, अन् खालून कापत जाते. दिवा दूर गेला असता तर चवलीएवढा होऊन इझला असता." नवरा पोळीचा तुकडा मोडत म्हणाला, "तू बरोबर हायेस. पण चूप राह्य." त्याचं सगळं आयुष्य या दोन वाक्यांत चाललं आहे.

मी चूप राहिलेही असते. कोणाला पृथ्वी ताट वाटो की परात, माझं काय जात होतं? पण मध्ये सासू आली.

तिला मी आईच म्हणते. सत्तरी गाठली आहे. शुगर आहे, सकाळी गोळी लागते. आणि चाळीस वर्षांपासून ती संकष्टी धरते. डॉक्टरनं माझ्यासमोर तिला बजावलं की गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहायचं नाही, शुगर एकदम खाली गेली तर जिवावर बेतेल. आई "हो हो" म्हणाली आणि दवाखान्याच्या पायरीवर मला म्हणाली, "कालचं लेकरू ते. त्याले काय समजते?" ती उपास सोडायला तयार नव्हती, आणि गोळी चुकवली तर पाय सुजायची भीती तिच्या मनात बसलेली. शेवटी आमचं दोघींचं ठरलं: दिवसा दोन केळी आणि चहा घ्यायचा, आणि चंद्र निघाला की एक मिनिट थांबायचं नाही. मी ताट वाढूनच ठेवीन.

आता चंद्र नेमका निघतो केव्हा, यातच सगळी गोम होती. आमचा जिल्हा मध्य प्रदेशात, शाळा-कचेरी हिंदीत, पण घरोघरी भिंतीवर कॅलेंडर मराठी, महाराष्ट्रातून येणारं. त्यात संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ ठळक अक्षरांत छापलेली असते, आणि ती असते मुंबईची. नागपूरची वेळ मागच्या पानावर, गावांच्या यादीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. मुंबई कुठं आणि आम्ही कुठं! आम्ही नागपूरच्या अंगाचे. आमच्याकडे चंद्र वीस-पंचवीस मिनिटं आधी येतो. आभाळ मोकळं असलं तर प्रश्न नाही, समोर दिसतोच. पण पावसाळ्यात आभाळ भरलं की घड्याळावर जावं लागतं. मग आमच्या भागातल्या कितीतरी बायका ती ठळक वेळ धरून बसतात. यांचा चंद्र ढगामागं कधीचा वर आलेला असतो, आणि या मुंबईच्या चंद्राची वाट पाहत पोटाला चिमटा घेतात. मी लग्न होऊन आले तेव्हा आईही तसंच करायची. मी तिला मागचं पान दाखवलं. तिनं दोन-तीन महिने स्वतः छतावर जाऊन पडताळलं आणि मग ते पान धरलं. इतकी वर्षं काही अडलं नाही.

गेल्या श्रावणातल्या संकष्टीला दिवसभर झड लागलेली. चंद्र दिसायची आशाच नव्हती. मागच्या पानाप्रमाणं चंद्रोदयाची वेळ पावणेनऊ होती. मी बरोबर त्या वेळेला आईसमोर ताट ठेवलं. वरण-भात, भाजी, तळणीचे मोदक. भासरे खाटेवर मोबाइल घेऊन बसलेले. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि खांबाला म्हणाले, "आईले सांगा, टाईम नाई झाला. नऊ वाजून आठ मिनिटं छापलं हाये."

मी भिंतीला सांगितलं, "नागपूरची वेळ मागं हाये म्हणावं. आई तीच पाहतात."

"एका ताटात दोन टाईम कसे?" भासरे एकदम उठूनच बसले. "दिवा एक, ताट एक. मुंबईले निघाला तवाच नागपूरले निघाला. मागचं पान त्याहिनं पृथ्वी गोल दाखवासाठी छापलं. जे मोठ्या अक्षरात हाये ते खरं. आई, तुहा उपास खोटा होऊन राह्यला इतक्या वर्षांपासून."

आईचा हात भातावर गेला होता. तो तिनं मागं घेतला. खोटा म्हटल्यावर ती काय खाणार?

मला वाटलं, तेवीस मिनिटंच तर आहेत, निघून जातील. माझी ती चूक मी कोणावर ढकलत नाही. दहा मिनिटांत आई म्हणाली, "पंखा लाव वं." पंखा चालूच होता. मी तिचा हात धरला तर गार आणि ओला. बोटं थरथरत होती, ओठ पांढरे पडले होते. मी धावत जाऊन साखरेचं पाणी केलं. ग्लास तिच्या तोंडाला लावला तर भासरे म्हणाले, "लहानीले सांगा, एवढ्याशासाठी आईचा उपास नोको मोडू." आणि आईनं, अर्ध्या शुद्धीत असलेल्या त्या बाईनं, दात घट्ट मिटून तोंड फिरवलं.

तेव्हा मी बोलले. भिंतीला नाही. सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहून, पदर कुठं पडला होता कोण जाणे. "आग लागो तुमच्या त्या दिव्याले! माय मरून राह्यली तुमची, दिसत नाई काय?"

आईची मान भिंतीवर कलली. मी तिचा जबडा दाबून धरला आणि साखर बोटानं गालाच्या आत चोळली. एकदा, दोनदा, दहादा. नवऱ्यानं मोटरसायकल काढली आणि तो पावसात डॉक्टरला आणायला गेला. भासरे खाटेवरून उतरून आईचे तळपाय चोळत बसले होते. हेही खरं आहे, म्हणून लिहिते. डॉक्टर येईपर्यंत आईनं डोळे उघडले होते. त्यानं तिचं बोट टोचून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "साखर लावली ते बरं केलं."

दुसऱ्या दिवशी भीती ओसरली आणि भासऱ्यांचा तोरा परत आला. नवऱ्याला बोलावून सांगितलं, "लहानी माह्या तोंडावर बोलली. माफी मागंन तोवर तिच्या हातचं पाणी मी घेणार नाई." मी आतून ऐकत होते. त्याच्याशी मला घेणंदेणं नव्हतं, नका घेऊ पाणी, माठ तुमचाच आहे. पण आईनं जे सांगितलं ते मला सोडून देता येण्यासारखं नव्हतं. ती उशीला टेकून शांतपणे म्हणाली, "उपास मोडला माहा. पुढची संकष्टी मी मोठ्या अक्षराच्या टाईमानंच सोडीन. अन् तू माह्या तोंडात काही कोंबलं ना, तं दुसऱ्या दिवशी बी उपाशी राहीन."

म्हणजे माझ्या हातात एक महिना होता. पुढच्या वेळेला साखर तिच्या गालापर्यंत पोचेलच याची कोणी हमी दिली होती?

नवरा म्हणाला, "मागून टाक ना माफी. दोन शब्दाचं तं काम हाये." मी म्हटलं, "कशाची मागू? सासूच्या तोंडात जहर घातलं काय मी? तुम्हीच मागा दोन शब्द, माह्याजवळ शिल्लक नाईत." तो चप्पल घालून बाहेर गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी उघडीप पडली. आईला हळूहळू चालवत मी बागेत नेलं. आठ वाजले असतील. चंद्र अजून आभाळात होता, डोक्यावरून थोडा पश्चिमेला कललेला, अर्ध्याच्या जवळपास. ऊन आमच्या पाठीवर पडत होतं. मी झाडाचं एक हिरवं संत्रं तोडलं, हात लांब करून चंद्राच्या बाजूला धरलं आणि म्हटलं, "आई, आता पाहा. संत्र्यावर ऊन कुठपर्यंत आलं, अन् चंद्रावर उजेड कुठपर्यंत आला."

आईनं डोळे बारीक केले. चंद्र पाहिला, संत्रं पाहिलं. परत चंद्र पाहिला. "माय वं! सारखेच कापले!"

"मग त्याचा आपला उजेड असता तर तो या संत्र्यासारखाच कसा कापला असता? संत्र्याले बी आपला थंडा उजेड हाये काय?"

ती हसली. तोंडाला पदर लावून मनापासून हसली. मला वाटलं, जिंकले. बांधावर टेकून मी तिला पुढचंही सांगितलं, की चंद्र ताटावर फिरणारा दिवा असता तर तो कधी खाली बुडालाच नसता, कारण ताटाच्या वरचा दिवा ताटाखाली कसा जाईल? जमीन गोल आहे, म्हणून पूर्वेच्या गावाला तो आधी दिसतो आणि पश्चिमेच्या गावाला मागून. आई सगळं ऐकून घेत होती, मान हलवत होती. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि म्हणाली, "तुहं बरोबर असंन बाई. पण तो मोठा लेक हाये."

मला असा संताप आला की ते संत्रं मी फेकून दिलं. बाईच्या डोळ्यांनी पाहिलेलं बाईच्याच मनात टिकत नाही, कारण लेक मोठा आहे!

मग मी भासऱ्यांकडेच गेले. एकदा तोंड उघडलंच होतं, आता मिटून काय मिळणार होतं? ते नवीन लागवडीत होते, कोवळ्या कलमांना तुराट्यांचा आडोसा बांधत होते. आमच्याकडे हा आडोसा दक्षिण-पश्चिमेच्या कोपऱ्याला बांधतात, कारण दुपारनंतरचं ऊन तिकडून येऊन खोड भाजतं. मी पदर नीट घेतला आणि समोर उभी राहिले.

"भाऊजी, एक विचारू? आडोसा याच कोपऱ्याले काऊन बांधता?"

ते दचकले. कलमाकडे पाहतच म्हणाले, "हिवाळ्यातलं चार वाजताचं ऊन इकडून लागते."

"तुमच्या व्हिडिओत तं ताटाच्या मधात उत्तर ध्रुव, अन् सूर्य त्याच्या भोवती गरके मारते. म्हणजे चारले तो तिकडं, उत्तर-पश्चिमेले पाह्यजे. मग तिकडून बांधा ना आडोसा. एक ओळ बांधून पाहा. मरतात की जगतात कलमं, फाल्गुनात समजंन."

सुतळी त्यांच्या हातात तशीच राहिली. मग ते कलमाला म्हणाले, "लहानीले सांगा, ऊन झालं, घरी जा." आणि आडोसा त्यांनी दक्षिण-पश्चिमेलाच बांधला. कलमांच्या बाबतीत त्यांनी त्या व्हिडिओवर एका रोपाचाही भरवसा ठेवला नाही. आईच्या बाबतीत मात्र ठेवला. हे मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

भाद्रपदातली संकष्टी आली. त्या दिवशी मीही उपास धरला. नेहमी मी धरत नाही, पण त्या दिवशी आईच्या पोटात काय होतं ते माझ्या पोटाला कळायला हवं होतं. सकाळी ती गोळी घेऊन देवाजवळ बसली. तिनं केळीसुद्धा घेतली नाहीत, कडक उपास म्हणून. मी दुपारी दोनदा हात जोडले, ती नाही म्हणाली. संध्याकाळी मी नणंदेला फोन केला. ती मुंबईला असते आणि तीही संकष्टी धरते. तिला म्हटलं, "ताई, आठ वाजता तुमच्या बिल्डिंगच्या टेरेसवर जा अन् व्हिडिओ कॉल लावा. काही विचारू नका." ती म्हणाली, "वहिनी, काय भानगड हाये?" मी म्हटलं, "आईची हाये."

मागच्या पानावर आठ वाजून सतरा मिनिटं होती. ठळक अक्षरांत आठ चाळीस. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. आम्ही सगळे छतावर. आई पाटावर, समोर ताट आणि अर्घ्याचा तांब्या. भासरेही आले आणि लोखंडी खुर्चीवर हाताची घडी घालून बसले. फोन मी कठड्याला टेकवून ठेवला होता, त्यात नणंद आणि तिच्यामागं मोकळं काळं आभाळ.

पूर्वेला, सौंसरच्या अंगाला, आधी उजेड फाकला. मग झाडांच्या वरून तो निघाला, तांबूस, मोठा, एका कडेनं उतरलेला. आठ वाजून एकोणीस झाले होते. दोन मिनिटं झाडांनी खाल्ली असतील.

"ताई, निघाला काय तुमच्याकडं?" मी विचारलं.

"कुठं? पत्ता नाही! चांगलं मोकळं आहे समोर, पण नाही निघाला."

मी भासऱ्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "नजरेचा खेळ हाये. हवेत असं दिसते कधी कधी. असली टाईम चाळीसचा." पण त्यांचा आवाज बारीक झाला होता, आणि ते चंद्राकडे पाहत नव्हते, जमिनीकडे पाहत होते.

आणि आईनं काय केलं? तिनं चंद्राला पाहिलं. नीट पाहिलं, त्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. मग मान वळवून मोठ्या लेकाला विचारलं, "घेऊ काय रे?"

चंद्र समोर, आणि बाई लेकाला विचारते की चंद्र निघाला का! मी महिनाभर जे जे केलं ते सगळं पाण्यात गेलं. तिची बोटं तांब्यावर थरथरायला लागली होती. ते थरथरणं मी आता ओळखते. भासऱ्यांना हो म्हणवत नव्हतं आणि नाही म्हणायची हिंमत होत नव्हती.

मी तांब्या उचलला, चंद्राला पाणी सोडलं, हात जोडले आणि भासऱ्यांच्या समोर मांडी घालून बसले. त्यांच्याआधी मी चौदा वर्षांत कधी घास घेतला नव्हता. ताटातला मोदक घेतला आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत खाल्ला. अख्खा.

"भाऊजी, पाह्यलं? मुंबईच्या आधी खाल्लं मी. पाप लागत असंन तं मले लागो. आईले काही झालं तं कोणाले लागंन, ते तुम्ही ठरवा."

नवरा कठड्याला धरून उभा होता. त्यानं एक केलं, आयुष्यात पहिल्यांदाच न सांगता केलं: ताट उचलून आईच्या जवळ सरकवलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं, मोदक खाल्लेल्या तोंडाकडे. मग वर पाहिलं. तांब्यात उरलेलं पाणी तिनं सोडलं, सांडत सांडत, आणि भासऱ्यांकडे मान न वळवता मला म्हणाली, "वाढ मले."

मी वरण-भात कालवून दिला. तिनं पहिला घास घेतला, मग दुसरा. फोनमधून नणंद ओरडायला लागली, "आई! अवं, जेवून कशी राह्यली तू? इकडं अजून नाही निघाला!"

आईनं घास गिळला.

"तुहा निघंन तवा तू जेव बाई," ती म्हणाली. "माहा निघाला."